सिग्नल कुणाचे सेकंद मोजतो?

शहरातल्या रस्त्याचे गणित तीन प्रश्नांसाठी मांडले जाते. वाहनाला किती वेळ थांबावे लागेल, हा विलंबाचा प्रश्न. किती माणसे जखमी होतील किंवा मरतील, हा सुरक्षेचा. आणि कडेच्या घरांत किती आवाज पोचेल, हा गोंगाटाचा. तिन्हींची सूत्रे वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या दशकांत तयार झाली. रस्ता मात्र एकच असतो. सिग्नलची वेळ बदलली, पूल बांधला किंवा वेगमर्यादा उतरवली की तिन्ही आकडे एकदम हलतात, आणि क्वचितच एका दिशेने हलतात.

पुण्यात ‘टॉमटॉम’च्या २०२४ सालच्या वाहतूक निर्देशांकावर बरीच चर्चा झाली. जगातल्या सर्वांत संथ शहरांत पुणे चौथे, दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद. हा आकडा फक्त विलंबाचा आहे, आणि तोही वाहनात बसलेल्यांच्या. रस्ता ओलांडायला उभ्या असलेल्या माणसाचा एकही सेकंद त्यात नाही.

पुढील संवादातली दोन माणसे प्रातिनिधिक आहेत. एक, वाहतुकीची गणिती प्रतिमाने तयार करणाऱ्या अभियंता. दुसरे, वाहतूक शाखेत चौकाचौकांतल्या पॉइंटवर नोकरी करून निवृत्त झालेले सहायक फौजदार.

विलंब

फौजदार: मॅडम, तुमच्या मॉडेलमध्ये सिग्नल सुटला की गाड्या निघतात. आमच्याकडे सुटायच्या आधीच पुढच्या दुचाक्या झेब्रा ओलांडून चौकाच्या मध्यावर आलेल्या असतात. तुमचं गणित इथेच चुकतं.

अभियंता: चुकत नाही साहेब, दुरुस्त करावं लागतं. मूळ सूत्र इंग्लंडमधल्या रांगेत चालणाऱ्या मोटारींचं आहे, हे मान्य. पण ते काय सांगतं ते आधी बघू.

सिग्नलच्या वेळेचे सर्वाधिक वापरले जाणारे सूत्र ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ साली मांडले. चारही दिशांना एकदा हिरवा मिळून फेरी पूर्ण व्हायला किती सेकंद असावेत, ते हे सूत्र सांगते. दर फेरीत पिवळ्यात, सर्व बाजू लाल असताना आणि सुरुवातीच्या रेंगाळण्यात काही सेकंद वाया जातात. त्यांची दीडपट करून पाच मिळवायचे आणि एकातून चौकाचा भार वजा करून जे उरेल त्याने भागायचे. भार म्हणजे प्रत्येक टप्प्यातल्या सर्वांत भरलेल्या रस्त्यावर येणारी वाहने आणि तो रस्ता सलग हिरव्यात सोडू शकेल ती वाहने, यांच्या गुणोत्तरांची बेरीज.

आकडे घालून पाहिले की सूत्राचा स्वभाव कळतो. फेरीत १२ सेकंद वाया जात असतील आणि भार ०.७ असेल, तर फेरी ७७ सेकंदांची निघते. भार ०.८५ झाला की १५३ सेकंद, ०.९ झाला की २३०. भार एकाच्या जवळ जाऊ लागला की उत्तर भराभर फुगते आणि एकावर पोचल्यावर उत्तरच उरत नाही. संध्याकाळी सातला पुण्यातले मोठे चौक याच शेवटच्या पट्ट्यात असतात. तिथे थोडीशी वाढलेली वाहनेही रांग दुप्पट करतात.

फौजदार: म्हणूनच आम्ही सिग्नल मॅन्युअलवर घ्यायचो. एक बाजू शेपटापर्यंत मोकळी करायची, मग दुसरी सोडायची. लोकांना वाटतं पोलीस मनाला येईल तसं सोडतात.

अभियंता: रांगेचा घट्ट भाग निघून गेल्यावर मागच्या गाड्या विरळ येतात. तेवढ्यासाठी हिरवा धरून ठेवला तर दुसऱ्या बाजूंचे सेकंद वाया जातात. गणिताच्या दृष्टीने तो तोटाच.

फौजदार: आणि ती रांग मागच्या चौकात घुसली म्हणजे? मग तिथली आडवी वाहतूकही अडकते. त्या चौकातला हवालदार वायरलेसवर ओरडत असतो. तुमच्या सूत्राला मागचा चौक दिसतो का?

इथे फौजदारांचा आक्षेप बिनतोड आहे. वेबस्टरच्या सूत्रात रांगेला लांबी नसते, थांबलेली वाहने जणू स्टॉप लाइनवरच एकावर एक रचली जातात. रांगेची लांबी हवी असेल तर दुसऱ्या जातीचे प्रतिमान घ्यावे लागते. लाइटहिल आणि व्हिटम यांनी १९५५ साली आणि रिचर्ड्स यांनी १९५६ साली वाहतुकीकडे प्रवाह म्हणून पाहिले. त्यांच्या समीकरणातून दिसते की थांबण्याची लाट वाहनांच्या उलट दिशेने, मागे सरकत जाते. मागचा चौक किती मिनिटांत बंद पडेल, याचा हिशेब त्या लाटेच्या वेगावरून करता येतो. फौजदार जे डोळ्यांनी ताडत होते, ते हेच.

मिश्र वाहतुकीचा प्रश्न वेगळा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० सालच्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत प्रत्येक वाहनाचे मोटारीच्या तुलनेत वजन ठरवलेले आहे, त्याला पीसीयू म्हणतात. मोटार १. दुचाकी, वाहतुकीतल्या तिच्या प्रमाणानुसार, ०.५ ते ०.७५. बस २.२ ते ३.७. दुचाकी मोटारींच्या फटीतून पुढे जाते, हे असे स्थिर वजन पकडू शकत नाही. म्हणून मद्रासच्या आयआयटीत व्ही. तमिळ अरसन यांनी ‘हेटेरोसिम’ हे मिश्र वाहतुकीचे प्रतिमान उभारले. त्यात रस्ता मार्गिकांत विभागलेला नसतो. प्रत्येक वाहनाला लांबी-रुंदी असते आणि मोकळी जागा मिळेल तिथे ते सरकते. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने २०१७ साली काढलेल्या ‘इंडो-एचसीएम’ या संहितेमागेही हीच गरज होती.

अभियंता: त्यामुळे दुचाक्या पुढे येतात ही अडचण आता राहिलेली नाही. ते वर्तन मॉडेलमध्ये घालता येतं.

फौजदार: बरं. बसला तीन वजन दिलंत. बसमध्ये माणसं पन्नास. तीन मोटारींत पाच. सूत्राला दोन्ही सारखंच.

अभियंता: हो. पीसीयू जागा मोजतं, माणसं नाही.

फौजदार: आणि जो चालतोय त्याचं वजन किती?

अभियंता: शून्य. वेबस्टरच्या बेरजेत पादचारी नाही.

हे शून्य मोजून दाखवता येते, आणि तेही त्याच सिद्धांतातल्या साध्या सूत्राने. पादचाऱ्याची सरासरी प्रतीक्षा म्हणजे त्याच्या लाल वेळेचा वर्ग भागिले फेरीची दुप्पट. फेरी ९० सेकंदांची आणि ओलांडायला २० सेकंद असतील तर तो सरासरी २७ सेकंद थांबतो. फेरी १५० केली आणि त्याचे २० तसेच ठेवले, तर ५६ सेकंद. वाहनांचा विलंब कमी करण्यासाठी फेरी लांबवली की पादचाऱ्याची प्रतीक्षा दुपटीहून अधिक होते, आणि अहवालात मात्र ‘चौकाचा विलंब घटला’ असे छापून येते. छापलेले खोटे नसते. हिशेबात कोण धरला होता, एवढेच सांगायचे राहून जाते. पुण्यासारख्या, पेठांतून पायी चालत वाढलेल्या शहरात हे वगळणे क्षम्य नाही.

पूल

पुण्याच्या विद्यापीठ चौकात गणेशखिंड रस्ता, औंध, बाणेर, पाषाण आणि सेनापती बापट रस्ता एकमेकांना भेटतात. तिथला जुना उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये पाडला गेला, कारण हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोला त्याची रचना आड येत होती. त्या जागी खाली वाहनांचा आणि वर मेट्रोचा असा दुमजली पूल आला.

फौजदार: पूल झाला की कोंडी संपत नाही, पुढच्या चौकात जाऊन बसते. हे सांगायला गणित कशाला?

अभियंता: किती बसेल आणि कुठे, हे सांगायला. पूल एका चौकाचा भार ०.९ वरून ०.६ वर आणतो. पण त्या चौकात अडून राहणारी वाहनं आता तासाला जास्त संख्येने पुढे पोचतात. पुढच्या चौकाचा भार आधीच ०.८५ असेल, तर तो कोलमडतो. मॉडेलची हद्द एका चौकापुरती आखली तर हे दिसत नाही. तीन चौकांपर्यंत आखली तर दिसतं.

फौजदार: मग हद्द आखतो कोण?

अभियंता: काम देणारा.

याहून चमत्कारिक शक्यता जर्मन गणितज्ञ डिट्रिश ब्रेस यांनी १९६८ साली सिद्ध केली. प्रत्येक जण स्वतःपुरता कमी वेळाचा रस्ता निवडत असेल, तर जाळ्यात नवा रस्ता वाढवल्याने सर्वांचाच वेळ वाढू शकतो. प्रत्येक नव्या रस्त्याने असे होते, असा याचा अर्थ नाही. पण ‘रस्ता वाढला म्हणजे वेळ घटणारच’ हे गृहीतक तपासल्याशिवाय धरता येत नाही. दक्षिण कोरियाची राजधानी सोलने २००३ पासून चाँगेचॉन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग काढून ओढा मोकळा केला, आणि शहराची वाहतूक त्यामुळे बंद पडली नाही.

सुरक्षा

सुरक्षेच्या गणिताची अडचण अशी, की मोजायची गोष्ट दुर्मीळ असते आणि दुर्मीळच असावी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येनुसार सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, की ती जागा अपघातप्रवण, म्हणजे ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते.

अभियंता: समजा एका ठिकाणी वर्षाला सरासरी चार गंभीर अपघात होतात. काही न बदलता, निव्वळ योगायोगाने, साधारण नऊ वर्षांतून एकदा तिथे सात किंवा जास्त अपघात होतील. त्या वर्षी वर्तमानपत्रात फोटो येतो, लोक रस्त्यावर बसतात, पट्टे रंगवले जातात, रबरी गतिरोधक येतात. पुढच्या वर्षी पुन्हा चार. मग सांगितलं जातं, उपायाने अपघात चाळीस टक्क्यांहून जास्त घटले.

फौजदार: म्हणजे पट्टे रंगवू नयेत?

अभियंता: रंगवा. फक्त श्रेय मोजताना तशाच दुसऱ्या जागांशी तुलना करा, आणि एका वर्षावर निकाल देऊ नका. टोरांटोच्या एझ्रा हावर यांची सारी हयात याच एका चुकीचा पिच्छा पुरवण्यात गेली.

फौजदार: आकडेच कच्चे असतील तर तुलना कशाची? पूर्वी पंचनाम्यात जागा लिहायची पद्धत म्हणजे ‘अमुक पेट्रोल पंपासमोर’. पंप रस्त्याच्या कुठल्या बाजूला, किती मीटरवर, काही नाही. दोन पोलीस ठाण्यांच्या हद्दीवर अपघात झाला की निम्मी नोंद इकडे, निम्मी तिकडे. आणि हात मोडून रिक्षाने घरी गेलेला माणूस तर कुठल्याच रजिस्टरात नसतो.

हे खरे आहे, आणि म्हणूनच ‘आयरॅड’ ही मोबाइलवरून अपघाताची नोंद आणि अक्षांश-रेखांश घेणारी राष्ट्रीय प्रणाली महत्त्वाची आहे. तिच्या पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. तरीही अपघात घडेपर्यंत थांबणे हा या पद्धतीचा मूळ दोष उरतोच.

फौजदार: आम्हाला अपघात व्हायची वाट बघावी लागायची नाही. दिवसभर उभं राहिलं की कळायचं. कुठे ब्रेक कर्कश वाजतात, कुठे शाळेतली पोरं मधेच थबकून मागे पळतात. साहेबांना सांगायचो, इथे जाणार कोणीतरी.

अभियंता: तेच आता मोजतात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात याचं शास्त्र झालं. कॅमेऱ्यातून बघायचं, एक वाहन एका बिंदूवरून गेलं आणि दुसरं त्याच बिंदूवर किती वेळाने आलं. एका सेकंदाच्या आतलं अंतर म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात. वर्षाला चार अपघात होणाऱ्या चौकात असे प्रसंग एका दिवसात पुष्कळ मिळतात. तुमचं ‘इथे जाणार कोणीतरी’ आठवडाभरात आकड्यात उतरतं.

वेगाचे गणित जास्त थेट आहे. स्वीडनचे गोरान निल्सन यांच्या नियमानुसार सरासरी वेग ज्या प्रमाणात बदलतो, त्याच्या चौथ्या घातात मृत्यू बदलतात. सरासरी वेग ६० वरून ५० वर आला तर मृत्यू निम्म्याहून थोडे खाली येतात. ६० वरून ४० वर आला तर पाचव्या हिश्श्यावर येतात.

पुण्यातल्या नवले पुलापाशी मात्र हे सूत्र अपुरे पडते. नव्या कात्रज बोगद्याकडून पुलाकडे येणारा महामार्ग सतत उताराचा आहे. तिथे २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी झालेल्या अपघातात वाहने पेटली आणि आठ जणांचा बळी गेला.

फौजदार: डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात. उतार संपेपर्यंत ब्रेकवरच. खाली येईतो ब्रेक राहत नाही. हे त्या रस्त्यावरचा प्रत्येक क्लीनर सांगेल.

अभियंता: म्हणून तिथे सरासरी वेगाचं मॉडेल नको, ब्रेकच्या उष्णतेचं हवं. तीस टनांचा ट्रक शंभर मीटर खाली उतरला की सुमारे २ कोटी ९४ लाख ज्यूल ऊर्जा सुटते. पाऊण लिटरहून थोडं जास्त डिझेल जाळल्यावर निघते तितकी. गाडी गिअरमध्ये असेल तर त्यातला मोठा भाग इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये असेल तर हवा आणि टायर थोडंसं खातात, बाकी सगळी ब्रेक ड्रममध्ये. अमेरिकेत डोंगरी महामार्गांसाठी असं मॉडेल आहे. उताराची तीव्रता, लांबी आणि ट्रकचं वजन घालून ब्रेक किती तापेल ते काढतात, आणि वजनानुसार वेगाच्या पाट्या लावतात. उतार सुरू होण्याआधी.

फौजदार: पाटी वाचून कोण थांबतंय? वरती ट्रक थांबवून गिअर बघायला माणूस पाहिजे.

अभियंता: किती ट्रक थांबवले तर पुरे, हे मॉडेल सांगेल. थांबवायला माणूस लागेलच.

इथे सरासरीवर विसंबणे घातक ठरते. हजारो मोटारींचा वेग कमी करणे आवश्यक आहे, पण ब्रेक गेलेला एक ट्रक त्या सरासरीत दिसतच नाही.

गोंगाट

आवाजाचे गणित लॉगरिदमचे आहे, त्यामुळे सामान्य अंदाज तिथे फसतो. ७० डेसिबलचे दोन रस्ते एकत्र आले तर आवाज १४० होत नाही, ७३ होतो. वाहने दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात, निम्मी झाली की तेवढेच घटतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. मोठ्या रस्त्यालगतच्या इमारतीत ती गाठायची तर नुसती वाहने कमी करून भागत नाही.

ब्रिटनच्या १९७५ च्या पद्धतीपासून बहुतेक ध्वनी-प्रतिमाने वाहनसंख्या, वेग, अवजड वाहनांचे प्रमाण आणि अंतर यांवर उभी आहेत. त्यांत हॉर्न नाही, कारण तिथल्या रस्त्यांवर तो मोजण्याइतका वाजत नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ‘एआरएआय’ ही संस्था नव्या वाहनांच्या आवाजाची चाचणी घेते. तिथे उत्तीर्ण झालेले वाहन चौकात येऊन जे करते ते चाचणीबाहेरचे.

अभियंता: चौकाचा आवाज तासभर ७० डेसिबल धरा. त्यात फक्त ३६ सेकंद ९५ डेसिबलचा हॉर्न वाजला. तासाची सममूल्य पातळी ७६ होते. वाहनं चौपट केल्यावर जेवढी वाढेल तेवढी.

फौजदार: आणि तो ३६ सेकंदांचा हॉर्न कधी वाजतो माहितीये? सिग्नलचे शेवटचे पाच आकडे उलटे पडायला लागले की. मागच्याला घाई. हिरवा व्हायच्या आधी सगळा चौक वाजतो.

फौजदारांच्या निरीक्षणातून विलंब आणि गोंगाट यांचा दुवा मिळतो. फेरी जितकी छोटी, तितके तासातले ‘शेवटचे पाच सेकंद’ अधिक वेळा येतात; फेरी जितकी लांब, तितकी घाई तीव्र. हॉर्नचे प्रतिमान करायचे तर सिग्नलच्या घड्याळाशी जोडूनच करावे लागेल.

एका चौकाचा तक्ता

पुण्यात सिग्नल महापालिका बसवते, वाहतूक शाखा चालवते, आवाज प्रदूषण नियंत्रण मंडळ मोजते आणि अपघाताची नोंद पोलीस ठाण्यात होते. चौक एक, कागद चार ठिकाणी. ते एका तक्त्यात आणले तर निवड उघड होते. संध्याकाळचा भार ०.८५ धरू. १५० सेकंदांच्या फेरीत ९२ टक्के वेळ उपयोगी पडतो आणि पादचारी सरासरी ५६ सेकंद थांबतो. ११० सेकंदांत ८९ टक्के आणि ३७ सेकंद. ९० सेकंदांत ८७ टक्के आणि २७ सेकंद, पण चौक जवळजवळ काठोकाठ भरतो.

फौजदार: मी नव्वद ठेवीन. माणूस जास्त वेळ थांबत नाही, गाड्यांतून घुसतो. तो घुसला की अपघात.

अभियंता: नव्वदला थोडी जास्त वाहनं आली तरी रांग मागच्या चौकात जाईल, आणि त्या रांगेत पीएमपीच्या बसही अडकतील. मी एकशेदहा ठेवीन, आणि पादचाऱ्यांचे वीस सेकंद पंचवीस करीन.

फौजदार: बसचं म्हणता ते पटतंय. पण पंचवीस सेकंद लेखी द्या. गर्दी वाढली की पहिली कात्री तिथेच लागते.

किती सेकंदांच्या बदल्यात किती धोका, हा भाव प्रतिमान ठरवू शकत नाही. तो ठरवला गेला आहे की नाही, हे मात्र तक्त्यातून लपत नाही. रात्रीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. रस्ता रिकामा झाला की पिवळा लुकलुकत ठेवला जातो, वेग वाढतात, आणि आवाजाची मर्यादा मात्र दहा डेसिबलने खाली आलेली असते. भार ०.४ धरला तर वेबस्टरचे सूत्र ३८ सेकंदांची फेरी सांगते. वृद्धांना रस्ता ओलांडता यावा म्हणून अभियंता ती ४५ वर नेतात. फौजदारांना ४५ मान्य आहेत, सिग्नल रात्रभर चालू राहणार असेल तर.